घराबाहेरचा धोका आणि आपली मुलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न आईवडील, शिक्षक, खेळाचे प्रशिक्षक आणि कधी कधी खुद्द मुलंही विचारतात. उत्तरं लिहिताना साधारण बारा ते अठरा वर्षांची मुलंमुली डोळ्यांसमोर आहेत. आत्ता या क्षणी कुणाच्या जिवाला धोका असेल, तर हे वाचत बसू नका. आधी तुमच्या भागातला आपत्कालीन नंबर लावा.

घराबाहेरचा गंभीर धोका म्हणजे नेमकं काय?

कुटुंबाबाहेरच्या माणसांकडून मुलाला होणारी मोठी इजा. लैंगिक शोषण, टोळीने मुलाकरवी अमली पदार्थ किंवा हत्यारं पोचवून घेणं, चाकूमारी, प्रेमसंबंधातली मारहाण आणि पाळत, ऑनलाइन ब्लॅकमेल, मुलाच्या बँक खात्यातून चोरीचा पैसा फिरवणं, अतिरेकी गटात ओढणं, शाळेत किंवा वसतिगृहात होणारा छळ, हे सगळं यात येतं.

प्रत्यक्षात हे प्रकार क्वचितच सुटेसुटे येतात. जो 'बॉयफ्रेंड' मुलीवर हात उगारतो, तोच तिच्या बॅगेत पुडकं ठेवतो आणि तिचे फोटोही त्याच्याच फोनमध्ये असतात. म्हणून 'हे नक्की कोणत्या प्रकारात बसतं' यावर खल करण्यात दिवस घालवू नयेत. कोण, कुठे, कधी आणि यातून फायदा कुणाचा, या चार गोष्टी कळल्या की पुढचं बरंच उलगडतं.

आणखी एक. मूल आपल्या खोलीत अंथरुणात पडून फोन बघत असेल, तरी या अर्थाने ते घराबाहेरच असतं.

घरचं वातावरण चांगलं आहे. तरीही काळजी करायची?

करायची. घरी प्रेम आहे, बोलणं आहे, जेवायला सगळे एकत्र बसतात, अशा घरातली मुलंही यात सापडतात. घरात मारहाण किंवा दुर्लक्ष असेल तर धोका वाढतो हे खरं, कारण जाळं टाकणारा आधी एकटं पडलेलं मूलच हेरतो. पण त्यावरून उलटा हिशोब मांडू नये. मूल अडकलं म्हणजे घरातच काहीतरी बिनसलं असणार, हा निष्कर्ष फार घाईने काढला जातो आणि त्यात मुलाचे सर्वांत जवळचे लोक, म्हणजे आईवडील, बचाव करत बसतात.

याला एक इतिहास आहे. बहुतेक देशांतली बालसंरक्षणाची यंत्रणा घरातल्या छळासाठी उभी राहिली. तिला आईवडिलांना तपासायची सवय आहे: घर कसं आहे, पालक व्यसनी आहेत का, मुलाकडे लक्ष देतात का. धोका जिन्याखाली, बसथांब्यावर किंवा एखाद्या चॅट ग्रुपमध्ये असेल तर ही तपासणी मुळात चुकीच्या दारावर थाप मारते. इंग्लंडमधल्या संशोधक कार्लीन फर्मिन यांनी २०१५ च्या सुमारास याच त्रुटीवर बोट ठेवलं. मुलाला जिथे इजा होते त्या जागेचं आणि त्या गटाचं मूल्यमापन करा आणि ती जागाच सुधारा, असा त्यांचा आग्रह होता. २०१८ मध्ये इंग्लंडच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्ये हा विचार आला. या पानावरची बरीचशी उत्तरं त्याच दिशेने जातात, कारण मला स्वतःला तीच पटते.

माझा मुलगा तर स्वतःच्या मर्जीने जातो. पैसे घेतो, बूट घेतो. त्याला पीडित कसं म्हणायचं?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि पालकांइतकाच पोलिस आणि शिक्षकांकडूनही येतो. म्हणून थोडं सविस्तर.

सुरुवात कशी होते ते पाहा. चौदा वर्षांच्या मुलाला ओळखीतला एक मोठा मुलगा महागडे बूट घेऊन देतो. कितीतरी दिवस त्याबदल्यात काही मागत नाही. मग एक पुडकं देतो, 'फक्त पलीकडे नेऊन दे', आणि त्याचे पैसे लगेच हातावर ठेवतो. तिसऱ्या-चौथ्या खेपेला वाटेत दोघंजण मुलाला अडवतात, दोन थोबाडीत देतात, पुडकं आणि पैसे हिसकावून पळतात. मुलगा रडकुंडीला येऊन सांगायला जातो. मोठा मुलगा चिडत नाही. 'असू दे, फेडशील हळूहळू,' एवढंच म्हणतो. लुटणारे दोघं त्याचेच असतात. त्या क्षणापासून मुलगा कर्जात आहे, आणि हे कर्ज फिटू देणं टोळीच्या सोयीचं नसल्याने ते कधीच फिटत नाही. बाहेरून बघणाऱ्याला मात्र रोज संध्याकाळी आपणहून घराबाहेर पडणारा, नवे बूट घातलेला मुलगा दिसतो.

कायद्यानेही हे ओळखलेलं आहे. मानवी तस्करीविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा २००० सालचा पालेर्मो प्रोटोकॉल सांगतो की अठरा वर्षांखालच्या मुलाला शोषणासाठी भरती करणं किंवा इकडून तिकडे नेणं ही तस्करीच आहे, मग त्यात धमकी किंवा फसवणूक झालेली असो वा नसो. मूल 'हो' म्हणालं होतं, याने फरक पडत नाही. अमली पदार्थांच्या धंद्यात मुलांना वापरणं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९९ च्या १८२ क्रमांकाच्या करारात बालमजुरीच्या सर्वांत वाईट प्रकारांत मोडतं. २०२० मध्ये या संघटनेच्या सगळ्या सदस्य देशांची या करारावर मंजुरी पूर्ण झाली.

'मर्जीने जाते' या समजुतीची किंमत किती मोठी असू शकते हे रॉदरहॅम या इंग्लिश शहरात दिसलं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालानुसार १९९७ ते २०१३ या काळात तिथे किमान चौदाशे मुलांचं लैंगिक शोषण झालं असावं, आणि हा अंदाजही हात राखून केलेला होता. कितीतरी मुलींबद्दल यंत्रणेला माहिती होती, पण त्या मुलींना तुच्छतेने बघितलं गेलं आणि त्यांचं ऐकलंच गेलं नाही.

एक गोष्ट मात्र नाकारू नका. मुलाला तिथे खरोखर काहीतरी मिळत असतं: पैसा, वट, आपण कुणीतरी आहोत ही भावना, कधी नुसती सोबत. 'ते लोक तुला वापरतायत' एवढं सांगून ते सुटत नाही. ती पोकळी भरायला तुमच्याकडे काय आहे, हे ते मूल मनात मोजत असतं.

मित्रांपुढे आईवडिलांचं काहीच का चालत नाही?

चालतं, पण मित्र समोर असताना कमी चालतं. २००५ मध्ये अमेरिकेत गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. गाडी चालवण्याच्या व्हिडिओ गेममध्ये सिग्नल बदलत असताना किती पुढे रेटायचं, असा खेळ होता. एकटे खेळताना किशोरवयीन आणि प्रौढ यांच्यात फार अंतर नव्हतं. बरोबरीचे सवंगडी शेजारी बसवले की किशोरवयीन मुलं कितीतरी जास्त धोका पत्करू लागली. चोवीस वर्षांपुढच्यांवर मात्र याचा जवळजवळ परिणाम झाला नाही. तेव्हा शांतपणे समजावल्यावर घरात मान डोलावणारा मुलगा कोपऱ्यावर जाऊन भलतंच करतो, तेव्हा तो खोटारडाच असतो असं नाही. नुसत्या उपदेशावर भिस्त ठेवू नये, ती संगत आणि तो कोपरा या दोहोंचं काहीतरी करावं, याचं हे एक कारण.

कोणत्या खुणा दिसल्या तर सावध व्हावं?

एखादी खूण घेऊन बसलं तर वयात येणारं प्रत्येक मूल संशयित ठरेल. दार लावून घेणं, उलट बोलणं, उशिरा झोपणं यांत नवल काही नाही. बघायचं ते अचानक झालेला बदल आणि एकत्र आलेल्या दोन-तीन गोष्टी.

खिशाला न परवडणाऱ्या वस्तू. दुसरा फोन, विशेषतः साधा, स्वस्तातला. फोन वाजला की दचकणं किंवा कितीही रात्र असो, लगेच उठून जाणं. जुने मित्र अचानक तुटणं आणि वयाने बऱ्याच मोठ्या 'मित्रांची' नावं येणं, किंवा नुसती टोपणनावं. शाळेतून मधल्याच वेळेत गायब होणं. न सांगता येणाऱ्या जागेवरून, लांबच्या गावातून परतणं. अंगावरच्या जखमांची न जुळणारी कारणं. उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचे कपडे. बँक खात्यात मोठी रक्कम येऊन लगेच पुढे जाणं. आणि घरातल्यांकडून पुन्हा पुन्हा छोट्या रकमा मागणं, कारण वर सांगितलेलं ते 'कर्ज'.

काही मुलं काहीच खूण दाखवत नाहीत. अभ्यासात नेहमीसारखी, हसतखेळत. त्यांचं उशिरा कळलं म्हणून स्वतःला दोष देऊ नका.

मुलींवरच जास्त लक्ष ठेवायला हवं ना?

नाही. मुलग्यांचं लैंगिक शोषण होतं आणि ते उघड व्हायला अधिक वेळ लागतो, कारण 'मर्द असून असं कसं होऊ दिलंस' या प्रश्नाची भीती. फोटोवरून पैसे उकळण्याच्या ऑनलाइन प्रकारात तर बहुतेक बळी किशोरवयीन मुलगेच असतात. उलट टोळ्याही मुलींना वापरतात, कारण त्यांच्यावर संशय कमी जातो. बौद्धिक अपंगत्व किंवा स्वमग्नता असलेल्या मुलांना तर गोड बोलून जवळ करणारा माणूस पहिला खरा मित्र वाटू शकतो. तिथे जास्त लक्ष हवं.

संशय आहे. विचारायचं कसं?

समोरासमोर बसवून चौकशी करू नका. गाडीत, चालताना, भांडी घासताना, म्हणजे डोळ्याला डोळा भिडत नाही अशा वेळी मुलं जास्त बोलतात. 'खरं सांग, कुठे गेला होतास?' ही सुरुवात दार बंद करते. 'हल्ली तू दमलेला दिसतोस. कुणाचं काही देणं लागतोस का? असेल तरी मी ओरडणार नाहीये,' यात प्रश्नही आहे आणि परतायला वाटही.

रात्री दोनला मूल घरी आलं, तर पहिलं वाक्य 'आलास, बरं झालं. काही लागलंय का?' असं असावं. राग येणारच, पण तो सकाळपर्यंत ठेवता येतो. टोळीवाले मुलांना हेच पढवत असतात की 'घरी कळलं तर तुला हाकलून देतील'. तुमच्या पहिल्या वाक्याने ते खरं ठरतं किंवा खोटं.

मुलाने काही सांगितलं तर कमी बोला. तपशील खोदून काढू नका, ते काम प्रशिक्षित माणसाचं आहे, आणि एकच गोष्ट पाच जणांना पाचदा सांगावी लागणं हा मुलाला होणारा वेगळा त्रास आहे. त्याने वापरलेले शब्द तसेच लिहून ठेवा. तारीख, वेळ, टोपणनावं, गाडीचा नंबर, जागा, जे कळेल ते. पुढे तपासात याचा फार उपयोग होतो.

फोन काढून घेऊ का?

बहुतेकदा उलटतं. फोन गेला की मुलाचा तुमच्याशी आणि चांगल्या मित्रांशी संपर्क तुटतो. ज्यांना त्याची गरज आहे ते लोक त्याला संध्याकाळपर्यंत दुसरा फोन देतात, आणि तो फोन तुम्हाला कधी दिसत नाही. शिवाय मेसेज आले तरी उत्तर जात नाही, म्हणून मुलाला मार पडू शकतो. पुरावाही त्याच फोनमध्ये असतो.

लहान मुलांसाठी आधीपासून नियम असणं वेगळं: रात्री सगळ्यांचे फोन, आईबाबांचेसुद्धा, बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. ते चालतं कारण ती शिक्षा नसते.

चोरून मेसेज वाचण्याबद्दल माझं मत असं: जिवाला धोका असल्याची ठोस शंका असेल तर वाचा आणि नंतर मुलाला तसं सांगा. नुसत्या कुतूहलापोटी वाचू नका. एकदा पकडले गेलात की पुढे कितीतरी दिवस तुमच्या कानावर काही येणार नाही.

मुलाचा खासगी फोटो कुणाकडे गेला आहे आणि तो पैसे मागतो आहे. आत्ता काय करू?

पैसे देऊ नका. दिले तर मागणी वाढते, थांबत नाही. आधीच दिले असतील तर पुढचे देऊ नका.

मुलाला एकटं सोडू नका. हा सगळा प्रकार कधी कधी काही तासांत घडतो आणि त्या तासांत मुलाला जगणं संपल्यासारखं वाटतं. अशा धमकीनंतर मुलांनी जीव दिल्याच्या घटना घडल्या आहेत. म्हणून 'असा फोटो पाठवलासच कशाला' हे वाक्य आज नको, उद्याही नको. 'तुझी चूक नाही, यातून आपण बाहेर पडू, मी इथेच आहे,' हे दर थोड्या वेळाने म्हणा, मूल ऐकत नाही असं वाटलं तरी.

मग धमक्यांचे मेसेज, खात्याचं नाव, प्रोफाइलची लिंक, पैसे मागितलेला खाते क्रमांक यांचे स्क्रीनशॉट ठेवा. फोटोचा मात्र नको. मुलाचा खासगी फोटो जतन करणं किंवा 'पुरावा म्हणून' कुणाला पाठवणं कित्येक देशांत गुन्हा ठरतं, अगदी पालकानेही. त्यानंतर त्या खात्याची ॲपकडे तक्रार करा आणि ब्लॉक करा. मुलाचं खातं डिलीट करू नका, त्यात पुरावा जातो. पोलिसांच्या सायबर शाखेला कळवा.

फोटो पसरू नये म्हणून 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा आहे. अमेरिकेतल्या नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्स्प्लॉइटेड चिल्ड्रन या संस्थेची, पण कुठूनही वापरता येते आणि नाव द्यावं लागत नाही. अठरा वर्षांखाली असताना काढलेल्या फोटो-व्हिडिओंसाठी ती आहे. फोटो तुमच्याच फोनवर राहतो. त्यापासून अंकाक्षरांचा एक ठसा तयार होतो आणि तेवढाच पुढे जातो. सहभागी कंपन्या तो ठसा जुळवून त्यांच्या ॲपवरचा फोटो शोधतात आणि काढतात. सगळ्या कंपन्या यात नाहीत, आणि खासगी कूटबद्ध (मधल्या कुणाला वाचता न येणाऱ्या) चॅटमध्ये ही युक्ती पोचत नाही, हे लक्षात ठेवा.

फोटो खरा नसून संगणकाने बनवलेला असला, तरी करायचं तेच.

मूल घरी आलं नाही. चोवीस तास थांबायचं असतं का?

नाही. ही समजूत सिनेमांतून पसरली असावी. बेपत्ता मुलाची तक्रार लगेच करा, अलीकडचा फोटो आणि अंगावरचे कपडे सांगा. आणि यापूर्वी चारदा गेला आणि आला म्हणून पाचव्यांदा गप्प बसू नका. वारंवार बेपत्ता होणं हीच शोषणाची सर्वांत ठळक खूण आहे. परतल्यावर पोलिसांव्यतिरिक्त कुणीतरी, मुलाला विश्वास वाटेल अशा माणसाने, त्याच्याशी निवांत बोलावं.

त्याला काही दिवस दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे पाठवावं का?

जिवावरचं संकट असेल तर हो. तेव्हा दुसरा विचार करू नका. एरवी मात्र हा उपाय दिसतो तितका साधा नाही. मुलाचं शरीर सुरक्षित होतं, पण आजी, मित्र, शाळा, खेळाचा संघ, म्हणजे त्याला धरून ठेवणारं जे काही आहे, ते सुटतं. नव्या जागी एकटं पडलेलं मूल नवा हेरणारा लगेच ओळखतो, आणि जुना माणूस तर फोनवर असतोच. शिवाय मनात एक सल राहतो: त्रास दिला त्यांनी आणि घर सोडावं लागलं मला.

तिकडे इकडच्या कोपऱ्यावर काय होतं? मुलगा गेला, जागा तशीच. पंधरवड्यात त्या ठिकाणी दुसऱ्याचा मुलगा उभा असतो. पाठवायचंच असेल तर परत कधी आणायचं हे त्याच दिवशी ठरवा, आणि तोवर इथे काय बदलायचं तेही.

शाळेने काय करावं?

पहिलं काम: मुलांना विचारावं. शाळेचा आणि आसपासच्या रस्त्यांचा साधा नकाशा काढून मुलांना रंगीत खडू द्यावेत. जिथे बरं वाटतं तिथे हिरवा, जिथे भीती वाटते तिथे लाल. नाव लिहायचं नाही. कागद एकावर एक ठेवले की मागचा जिना, स्वच्छतागृहासमोरचा बोळ, शाळा सुटल्यापासून बस येईपर्यंतचा फाटकाजवळचा तुकडा लाल झालेला दिसतो. शिक्षकांनी रंगवलेला नकाशा शेजारी ठेवावा. तो बहुतेक वेळा हिरवा असतो, कारण शिक्षक जातात तेव्हा ते कोपरे शांत असतात.

पुढचं बहुतेक काम सुताराचं, विजेच्या माणसाचं आणि वेळापत्रकाचं असतं. बोळात दिवा, जिन्यावर मधल्या सुटीत एक मोठं माणूस, दोन वर्गांच्या सुटण्यात दहा मिनिटांचं अंतर. मुलींनी एकेकटं जाऊ नये, अशी सूचना फळ्यावर लिहिणं स्वस्त पडतं, पण त्यात जागा सुधारायची जबाबदारी मुलींवर ढकलली जाते.

आणि शाळेतून नाव काढून टाकण्याआधी दहादा विचार करावा. दिवसभर मोकळं असलेलं, शाळेने नाकारलेलं मूल ही टोळीसाठी आयती भरती आहे. मुलाच्या दप्तरात चाकू सापडला तर 'कुणासाठी?' याइतकाच 'कुणाला घाबरून?' हाही प्रश्न विचारावा.

आम्ही ना पालक ना शिक्षक. आमचा काय संबंध?

बसचा वाहक, दुकानदार, हॉटेलच्या स्वागतकक्षातला माणूस, सुरक्षारक्षक, सफाई कामगार हे त्या जागी रोज असतात, समाजसेवक नसतो. शाळेच्या वेळेत एकटं मूल लांबच्या बसमध्ये, हातात फक्त फोन. खोली घेणारा चाळिशीचा आणि सोबत मान खाली घातलेली पंधरा वर्षांची मुलगी, नातं विचारलं की दोघांची उत्तरं वेगळी. 'ठीक आहेस ना?' एवढं विचारायला प्रशिक्षण लागत नाही. संशय दाट असेल तर पोलिसांना किंवा बाल हेल्पलाइनला कळवा. स्वतः त्या माणसाशी भिडू नका.

धोक्याची जागा सुधारल्याने खरंच काही फरक पडतो का?

वेल्समधल्या कार्डिफ शहरात जोनाथन शेफर्ड या चेहरा-जबड्याच्या शल्यविशारदांच्या लक्षात आलं की मारामारीत जखमी होऊन आलेल्या कितीतरी लोकांची पोलिसांकडे नोंदच नसते. मग रुग्णालयात विचारायला सुरुवात झाली: कुठे झालं, कधी, कशाने मारलं. नावं गाळून ही माहिती पोलिसांना आणि नगरपालिकेला जाऊ लागली आणि त्या ठरावीक रस्त्यांवर, ठरावीक वेळी बंदोबस्त आणि इतर बदल झाले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तशाच इतर शहरांच्या तुलनेत कार्डिफमध्ये मारामारीत जखमी होऊन दाखल होणाऱ्यांचं प्रमाण घटलेलं आढळलं.

आइसलँडचं उदाहरण व्यसनांचं आहे, पण सूत्र तेच. १९९८ मध्ये तिथल्या १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं गेल्या महिन्यात दारू पिऊन झिंगल्याचं सांगत होती. २०१६ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. त्यांनी भाषणांपेक्षा मुलांची संध्याकाळ बदलली: खेळ, संगीत, नृत्य यांच्या शिकवण्यांना सरकारी मदत, पालकांचे आपसातले करार, रात्री पालकांच्या फेऱ्या, आणि रात्री बाहेर राहण्यावर वेळेचं बंधन. बाकीचे देश यातलं वेळेचं बंधन तेवढं उचलू पाहतात, कारण त्याला पैसे लागत नाहीत. नुसतं तेवढं उचलून आइसलँड होत नाही.

त्रास देणारंही मूलच असेल तर?

बरेचदा असतं. आणि पुष्कळदा ते आधी स्वतः भोगून आलेलं असतं: काल ज्याला पुडकं दिलं, तो आज दुसऱ्याला देतो. म्हणून त्याने केलेलं क्षम्य ठरत नाही. ज्याला इजा झाली त्याला आधी सुरक्षित करा, दोघांना एका खोलीत बसवून 'मिटवून टाका' असं सांगू नका. पण दुसऱ्या मुलाचीही जबाबदारी आपलीच आहे. फक्त शिक्षा देऊन सोडलं तर तो परत त्याच मोठ्या माणसाकडे जातो, ज्याने त्याला हे शिकवलं. सशस्त्र गटांनी वापरलेल्या मुलांबाबत २००७ च्या पॅरिस तत्त्वांनी हीच भूमिका घेतली: त्यांच्यावर गुन्ह्याचा आरोप असला, तरी त्यांच्याकडे आधी बळी म्हणून पाहावं.

तक्रार केली तर टोळी घरावर येईल. त्यापेक्षा कर्ज फेडून टाकू का?

ही भीती खरी आहे, तिला वेडगळ म्हणू नये. पण पैसे देऊन सुटका होत नाही. फेडणारं घर आहे हे कळलं की आकडा वाढतो. पोलिसांकडे जाताना एक गोष्ट स्पष्ट सांगा: 'आमचं मूल वापरलं जातंय, आम्ही त्याच्या संरक्षणासाठी आलोय.' धमक्यांची नोंद मागा, घराच्या सुरक्षेबद्दल विचारा, मुलाचा जबाब घेण्याआधी बालहक्कांचं काम करणारा वकील किंवा संस्था गाठा. तपासासाठी मुलालाच परत टोळीत पाठवून माहिती काढण्याचा कुणी प्रस्ताव दिला, तर साफ नाही म्हणा.

फोन कुठे करायचा?

बहुतेक देशांत मुलांसाठी मोफत हेल्पलाइन असते आणि पुष्कळ ठिकाणी मोठी माणसंही तिथे बोलू शकतात. भारतात १०९८, ब्रिटनमध्ये ०८०० ११११ (हा फक्त मुलांसाठी), युरोपातल्या पुष्कळ देशांत ११६ १११. इतरत्र असाल तर चाइल्ड हेल्पलाइन इंटरनॅशनल या संस्थेच्या यादीत तुमच्या देशाचा नंबर शोधा. नंबर मुलाच्या फोनमध्ये एखाद्या साध्या नावाखाली टाकून ठेवा, कारण तो फोन दुसरं कुणीतरी तपासत असण्याची शक्यता असते.

मुलाने 'कुणाला सांगणार नाही अशी शपथ घे' म्हटलं तर?

घेऊ नका. मोडावी लागली तर तुम्ही त्याच्या लेखी आणखी एक फसवणारं मोठं माणूस ठराल. त्याऐवजी म्हणा: 'शपथ नाही घेता येणार, कारण तुला कुणी इजा करत असेल तर मला मदत आणावी लागेल. पण कुणाला सांगायचं, काय सांगायचं, हे आधी तुझ्याशी बोलून ठरवू, आणि सांगायला जाताना तुला यायचं असेल तर तूही ये.' मग ते मूल गप्प झालं तर होऊ द्या. उद्या पुन्हा त्याच वेळी त्याच्या आसपास राहा.